विषय: भाच्याचं ऑपरेशन झालं, बाळ आता घरी येणार, मी बडोद्याला जातेय

प्रेषक: रावपुऱ्याची माहेरवाशीण

मंडळी नमस्कार,

आपल्या डेट्रॉइटच्या गणपतीच्या मीटिंगच्या मेलमध्ये हे घुसडतेय, सॉरी, पण रात्रभर झोप नाही. बडोद्याला माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला आणि जन्मल्यापासून तोंडातून सारखा फेस येत होता. नर्सनं नाकातून नळी घातली तर ती दहा-अकरा सेंटीमीटरवर अडकली, एक्स-रेत दिसलं की नळी वरच गुंडाळी होऊन बसलीय. अन्ननलिका मध्येच बंद, आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. हार्टची इको, किडनीची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे, सगळं बघितलं कारण म्हणे या बाळांना बाकीचेही दोष असू शकतात, आणि मग लगेच ऑपरेशन. उजव्या कुशीतून, बरगड्यांच्या मधून. आता डाय पाजून एक्स-रे काढला, कुठे गळत नाहीये, आणि वहिनीचं दूध बोंडल्यानं द्यायला सुरुवात झालीय. थोड्या दिवसांत घरी सोडणार.

आता खरा प्रॉब्लेम. घरी माझी आई आहे, वहिनीची आई साताऱ्याहून आलीय, आणि दोघींनी वावडिंग-ओव्याची धुरी, बाळगुटी, मालिशवाली बाई सगळं ठरवून ठेवलंय. भाऊ काही बोलत नाही, तो सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या डब्यात दूध घेऊन अ‍ॅक्टिवावर लहेरीपुऱ्यातून हॉस्पिटलला जातो आणि येऊन गप्प बसतो. मी आत्या, म्हणजे बोलायचं मीच का? आणि इथून काय काय नेऊ?


प्रेषक: काकू (एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नोकरी केलेल्या)

अगं बाई, आधी शांत हो. डाय टेस्ट नीट आली म्हणजे मोठा डोंगर ओलांडला.

सामान फारसं नेऊ नकोस. बॅगेत जागा असेल तर चांगला डबल ब्रेस्ट पंप ने, कारण बाळ अंगावर नीट ओढायला लागेपर्यंत वहिनीला दिवसरात्र मिळून आठेक वेळा दूध काढावं लागेल, आणि हातानं काढत बसली तर ती पार गळून जाईल. बडोद्याच्या उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवायचंच नाही, लगेच फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही तर मागे आत.

आता धुरी. नाही म्हणजे नाही. या बाळांची श्वासनलिका मऊ असते, तिथल्या कुर्च्यांच्या कड्या नीट घट्ट झालेल्या नसतात, म्हणून खोकला कुत्रा भुंकल्यासारखा येतो. तो आवाज ऐकून घरचे घाबरतात आणि कापूर, बाम, निलगिरी सुरू करतात. त्यातलं काहीच नको. गुटीही नको, मध तर वर्षभर नाही, आणि तुझ्या भाच्याला तर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तोंडानं दुसरं काही नाहीच, चुकून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया.

मालिश: आपल्याकडे बाई बाळाला पायांवर पालथं घालते, हात क्रॉस करून ओढते, मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतते, हो ना? मान मागे ताणायची नाही, आतली शिवण ताणली जाते. उजवा हात ओढायचा नाही. पाय आणि तळवे चोळ म्हणावं, हरकत नाही. अंघोळ जखमेला पाणी लावायची परवानगी मिळाल्यावर, आणि ती सर्जन देतील, शेजारीण नाही!

दूध थोडं थोडं, उभं धरून, आणि नंतर अर्धा तास तसंच खांद्यावर. वेळ लागतो, लागू दे. पिताना निळा पडला, ठसका थांबेना, पुन्हा लाळ गळायला लागली, दूध नाकारतोय, ताप आला, तर फोन करून विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि डिस्चार्जच्या आधी भावाला आणि वहिनीला बाळाचं सीपीआर (श्वास थांबला तर छाती दाबून आणि तोंडानं श्वास देणं) शिकवून घ्या, नर्सला मागे लागून.


प्रेषक: अ‍ॅन आर्बरचा दादा

काकूंशी शंभर टक्के सहमत, एक सोडून. 'नाही म्हणजे नाही' काकू तुम्ही लिहू शकता, आत्यानं घरी जाऊन ते म्हटलं तर दोन आज्या एकत्र होतील आणि मग खेळ खल्लास :)

आमच्या मुलीचं हेच ऑपरेशन. आता बारावीत, वडापाव खाते, फक्त पाणी घेत घेत. पहिल्या वर्षात दोनदा शिवणीची जागा आवळली गेली म्हणून फुग्यानं रुंद करावी लागली, हे आधीच घरी सांगून ठेव, नाहीतर परत ऑपरेशन करतायत असं वाटून रडारड होते. बऱ्याच मुलांना हे लागतं, बिघाड झाला असं नाही. घन पदार्थ सुरू होतील तेव्हा पोळी-पावाचे तुकडे सगळ्यात त्रासदायक, ते जरा पुढची गोष्ट.

आणि गंमत म्हणजे हे ऑपरेशन एका टप्प्यात पहिल्यांदा यशस्वी झालं ते आमच्या गावात, १९४१ साली, सर्जन कॅमेरॉन हाइट, पेशंट बारा दिवसांची मुलगी. त्याआधी अशी मुलं बहुतेक वाचतच नव्हती. आमच्या आईला हे सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं, का ते माहीत नाही, पण वाटलं.

दोन्ही आज्यांना कामं वाटून दे. एकीकडे दुधाच्या बाटल्यांवर वेळ-तारीख लिहिणं आणि उकळणं, दुसरीकडे दूध पाजून झालं की अर्धा तास बाळ उभं धरणं. त्या अर्ध्या तासात कुणी गुटी उगाळत बसत नाही.


प्रेषक: ट्रॉयचे काका

माझं मत वेगळं. आमच्या वेळी सगळी पोरं धुरीवर वाढली. जरा विचार करा.


प्रेषक: काकू

काका, तुमच्या पोरांच्या अन्ननलिका अखंड होत्या. पुढे.


प्रेषक: रावपुऱ्याची माहेरवाशीण

मंडळी, बडोद्याहून लिहितेय. इथे रात्रीचा दीड, तुमच्याकडे दुपार असेल.

बाळ घरी आलं. दादा, तुमची आयडिया लागू पडली, फक्त उलट. आईला बाटल्या दिल्या तर ती वैतागली, तिला बाळच हवं होतं, आणि साताऱ्याच्या आजींना लिहायची भारी हौस निघाली, त्यांनी बाटल्यांवर वेळेबरोबर 'सकाळची पहिली धार' असंही लिहून ठेवलंय. धुरीचं मी काही बोललेच नाही. डिस्चार्जच्या दिवशी सर्जननीच गुजरातीत सांगितलं, 'बा, धुमाडो बिलकुल नहीं', आणि आई ती 'बा' ऐकून विरघळली. शेगडी बाळंतिणीच्या खोलीतून गेली, आता वहिनीला गरम पाण्याची पिशवी. मालिशवाली तीन घरं सोडून राहते, तिला जखम दाखवली, खांद्याच्या पात्याखालून पुढे आलेली बारीक रेघ, ती बघून तिनं स्वतःच हात मागे घेतले आणि फक्त तळवे चोळले. पैसे मात्र पूर्ण घेतले.

भुंकता खोकला खरंच येतो हां काकू, तुम्ही लिहिलं नसतं तर मी पहिल्याच रात्री रिक्षा बोलावली असती.

शेजारच्या बेन छठीला काय झालं विचारत होत्या. पाचवी-सहावीला तो व्हेंटिलेटरवर होता, आईनं तेव्हा देवघरात कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं म्हणे, सटवाईनं लिहिलं असेल ते लिहिलं. बारसं सव्वा महिन्यानंतर, गर्दी न करता, आणि नाव मीच ठेवणार असल्यानं तोपर्यंत माझं परतीचं तिकीट पुढे ढकललंय. हॉस्पिटलच्या फाइलवर अजून 'बेबी ऑफ' एवढंच.

एक काम. ज्यांनी पैसे गोळा करायचं काढलंय त्यांनी प्लीज थांबा, भावाच्या कंपनीच्या पॉलिसीत बाळ जन्मापासून घेतलंय आणि क्लेम चालू आहे. त्यापेक्षा डेट्रॉइटहून पुढच्या पंधरवड्यात कुणी अहमदाबाद किंवा मुंबईला येत असेल तर पंपाचे लहान साइझचे फनेल आणा, वहिनीला नेलेले मोठे होतात. आणि वहिनीला फोन नका करू, ती दुपारी झोपते तेवढीच झोपते, काय विचारायचं ते मला इथेच लिहा.