सांधेरोपणानंतर ट्रामाडॉल सोडताना होणारा त्रास : मदत हवी आहे

नमस्कार.

माझे वय ६३. सांगली जिल्ह्यातील एका शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि आता पुण्यात मुलाकडे असते. अकरा आठवड्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण झाले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके वेळेवर निघाले, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. प्रश्न वेदनाशामक गोळीचा आहे आणि तो विचारायला बरेच दिवस संकोच वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर ट्रामाडॉल ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल आणि रात्री प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्यावरचे औषध) असे लिहिले होते. ट्रामाडॉल दहाच दिवसांसाठी होते. परंतु फिजिओथेरपीच्या बाई गुडघा वाकवून घेऊ लागल्या की डोळ्यांपुढे काजवे चमकत, म्हणून त्या येण्याआधी तासभर एक जादा गोळी घेऊ लागले, आणि पुढे झोप मोडते म्हणून मध्यरात्री आणखी एक. दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मी औषधांची खरेदी टिपते. ती वही चाळली तेव्हा कळले की पाचव्या आठवड्यापासून मी रोज चार गोळ्या, म्हणजे २०० मिलिग्रॅम घेत होते. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला हे त्याचे चुकलेच, पण मागणारी मी होते.

आठव्या आठवड्यात त्याने नवी चिठ्ठी आणायला सांगितले. तसे ते बरोबरच होते, कारण २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे आणि त्याच्या विक्रीची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर परगावी होते. मी मनाशी म्हटले, बरे झाले, सुटले एकदाची. आणि शुक्रवारी रात्रीपासून गोळी एकदम बंद केली.

शनिवारी दुपारी जांभया सुरू झाल्या, त्या थांबेनात. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. सर्दी समजून मी वाफ घेतली. गेले दोन महिने जिचे इसबगोलाशिवाय चालत नव्हते, तिला संध्याकाळपर्यंत जुलाब लागले. रविवारची रात्र मात्र विसरता येणार नाही. पायांत अशी वळवळ होत होती की ते एका जागी ठेवताच येईनात. घाम, धडधड, कातडीखाली मुंग्या, आणि कशाची ते सांगता न येणारी भीती. गुडघा इतका ठणकत होता की आत जंतुसंसर्ग झाला असणार, अशी माझी खात्रीच झाली. मुलाने तापमापक लावून पाहिले, ताप नव्हता. गुडघा लाल नव्हता, सूजही नेहमीएवढीच होती. पहाटे पहाटे ध्यानात आले की डावा पायही तसाच ओढतो आहे, ज्याला कोणी सुरी लावलेली नाही.

सोमवारी रुग्णालयात तपासण्या झाल्या. संसर्ग नव्हता, पायात रक्ताची गुठळीही नव्हती. खरे कारण आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ओळखले. त्यांनी ट्रामाडॉलची एक गोळी घ्यायला लावली आणि तासाभरात सारे शांत झाले. रात्रीच्या त्रासापेक्षा मला त्या आरामाचीच अधिक धास्ती वाटली.

त्यांनी समजावले ते असे : ट्रामाडॉल अफूवर्गीय औषध आहे, पण त्याशिवाय ते मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन यांवरही काम करते, त्यामुळे ते अचानक थांबवले तर जांभया-जुलाबांच्या जोडीला भीती आणि मुंग्याही येऊ शकतात. शिवाय अशा वेळी मूळचे दुखणेही अधिक तीव्र भासते. आता वेदनाशमन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवणे चालू आहे. दीडशेवर एक आठवडा काढला, गेले दहा दिवस १०० वर आहे : सकाळी एक, रात्री एक. गोळी सोडतानाचा त्रास कमी करायला देतात त्या क्लोनिडीनविषयी मी विचारले होते, पण मी आधीच रक्तदाबाच्या गोळ्या घेते आणि ते औषध दाब आणखी खाली आणते, म्हणून ते नको म्हणाले.

आता अडचण अशी. पहाटे चार वाजता जाग येते आणि पायांची वळवळ, घाम, सारे पुन्हा सौम्य रूपात हजर असते, दुपारीही तसेच. गुडघा सध्या ९५ अंशांपर्यंत वाकतो. फिजिओथेरपीच्या बाईंना तो निदान ११० पर्यंत न्यायचा आहे, आणि हे दिवस हातचे गेले तर सांधा आखडेल असे त्या सांगतात. मात्रा कमी केली तर व्यायाम होत नाही, आणि व्यायामासाठी गोळी वाढवली तर पुन्हा पहिल्या पायरीवर. यातून कोणी गेले असल्यास आधी सकाळची गोळी कमी केली की रात्रीची? व्यायामाची वेळ कशी साधली? त्या चार वाजताच्या पायांचे काय केले?

घरच्यांविषयीही विचारायचे आहे. मुलगा हळूच म्हणाला, "आई, याला व्यसन म्हणायचं का गं?" दर २६ जूनला वर्गाकडून अमली पदार्थविरोधी शपथ म्हणून घेणारी मी, काय उत्तर देणार? नणंदेने तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राची चौकशी करू का, असे विचारले. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या त्या कामाबद्दल मला आदरच आहे, पण मला या गोळीची ओढ नाही, उलट तिटकारा आला आहे. हा फरक घरच्यांना कसा सांगावा?

प्रतिसाद

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, आता निवृत्त. प्रत्यक्ष न तपासता मात्रा सांगणे योग्य नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना काय विचारावे एवढेच सांगतो. साध्या ट्रामाडॉलचा अंमल सहा-आठ तासांत ओसरतो. आपण दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेता, म्हणजे रोज पहाटे आणि दुपारी थोडी थोडी ‘बंद’ करता. दिवसाचे तेच १०० मिलिग्रॅम अर्ध्या-अर्ध्या गोळीने चार वेळा विभागून चालेल का, आणि पुढे अंतर न वाढवता आधी मात्राच कमी करावी का, हे त्यांना विचारा. यातली एक अर्धी गोळी व्यायामाआधी तासभर येईल असे वेळापत्रक बसवता येते, त्यासाठी जादा गोळी लागत नाही. मात्र गोळी दीर्घकाळ परिणाम करणारी असेल तर ती मोडायची नाही. मोडली तर सगळे औषध एकदम अंगात उतरते.

प्रीगाबालिनही मनाने थांबवू नका, तेही टप्प्याटप्प्यानेच सोडायचे असते. झोपेची गोळी स्वतःहून जोडू नका, या दोन्हींसोबत श्वास मंदावू शकतो. नैराश्याची काही गोळी चालू असल्यास वेदनाशमन तज्ज्ञांना अवश्य सांगा. आणि एखाद्या रात्री फारच दुखले म्हणून पूर्वीच्या चार गोळ्यांवर परत जाऊ नका, शरीराची सवय आता उतरलेली आहे.

चिरंजीवांना एवढेच सांगा की शरीराला सवय लागणे वेगळे आणि नुकसान दिसत असूनही मनाने त्या औषधामागे धावणे वेगळे. व्यसनी माणूस गोळ्यांचा हिशेब दुधाच्या वहीत लिहून घरात उघडा ठेवत नाही.

धागाकर्ती

आपले आभार. डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या गोळ्यांची कल्पना त्यांना पटली, माझी गोळी साधीच आहे याचीही त्यांनी खात्री करून घेतली. कालपासून सहा, बारा, सहा, बारा अशा वेळा ठेवल्या आहेत आणि फिजिओथेरपीच्या बाईंना सकाळी सातला बोलावले आहे. आज पहाटे चारला जाग आली, पण डावा पाय गप्प होता. उजवा दुखत होता, तो गुडघ्यातच, आणि बर्फाने थांबला. आठवडाभराने ९५ चे किती अंश झाले ते इथेच कळवते.