ऑनलाइन शिकवताना: कॉलेजच्या शिक्षकांनो, तुमचे अनुभव लिहा

शाईपेन
लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून काल जुन्या फायली उडवत बसले होते. त्यात २०२० मधल्या एका तासाची चॅट सापडली. सहज उघडली आणि तासभर तिथेच बसून राहिले.

मी स्टॅटिस्टिक्स शिकवते. तेव्हा समोर चौसष्ट काळे चौकोन असायचे. "समजलं का?" विचारलं की शांतता. वर्गात मी चेहरे वाचत शिकवायचे. कोणाच्या कपाळाला आठी पडली की उदाहरण बदलायचं, ही वीस वर्षांची सवय. ती एका दिवसात हातातून गेली आणि मी भिंतीशी बोलतेय असं वाटायला लागलं.

चॅटमध्ये दिसतंय ते असं:
११.०७ आवाज तुटतोय
११.०८ मला येतोय
११.०८ मलापण
११.३१ (फक्त मला) मॅडम, व्हेरिअन्स काढलाय ना, मग परत वर्गमूळ कशाला?

हा प्रश्न वर्गात मला कधीच कोणी विचारला नव्हता. सगळे सूत्र पाठ करून मोकळे. व्हेरिअन्स म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब आहेत त्याचे वर्ग करून काढलेलं पसाऱ्याचं माप. उंची सेंटिमीटरमध्ये मोजली तर तो येतो चौरस सेंटिमीटरमध्ये. उंचीचा पसारा चौरसात सांगून कोणाला काय कळणार? वर्गमूळ घेतलं की परत सेंटिमीटरमध्ये येतो, तेच स्टँडर्ड डेव्हिएशन. त्या दिवशी पुढचं सगळं बाजूला ठेवून मी एवढंच सांगितलं. विचारणाऱ्याचं नाव कळलं नाही, तिथे फोनचं मॉडेल दिसत होतं.

तुम्हाला काय काय आठवतंय?

खडूफळा
गणित. पेन टॅब्लेट नव्हता. जाड शब्दकोशांच्या दोन चळती, त्यांच्यावर आडवी फूटपट्टी, पट्टीला रबरबँडने फोन, खाली कोरा कागद आणि मार्कर. सगळं सेमिस्टर त्यावर काढलं. कागदावर हात हळू चालतो, त्यामुळे सिद्धता पायरी पायरीने उलगडायची. एका मुलीने लिहिलं, "सर, पहिल्यांदा तुमच्या वेगाने लिहून घेता आलं." मी अजूनही वर्गात मधून मधून तसंच शिकवतो, कागद प्रोजेक्टरवर.

सूरपारंबी
बासरी शिकवते. माझं दुखणं वेगळंच. हे व्हिडिओ कॉलचे ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट कापतात, आणि एकसारखा चाललेला आवाज म्हणजे पंखा असं धरून चालतात. मुलाने सूर लांब धरला की दोन सेकंदांत तो गायब! मी त्याला म्हणतेय श्वास कमी पडतोय, तो म्हणतोय मॅडम मी वाजवतोय. पंधरा दिवस त्या पोराला उगाच टोकलं. मग सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय सापडला. पुढच्या तासाला पहिलं काम त्याची माफी मागितली.

आणि एकत्र वाजवणं तर विसराच. खोलीत दहा मीटरवरचा आवाज साधारण तीस मिलिसेकंदांत पोचतो. नेटवर कधी शंभर, कधी तीनशे, दर क्षणी वेगळा. ताल जुळणार कसा? सगळ्यांनी माइक बंद ठेवून माझ्याबरोबर वाजवायचं, एवढंच उरलं. म्हणजे त्यांना मी ऐकू यायचे, मला कोणीच नाही.

मूल उठलं, नंतर लिहिते.

पाचूबेट
सूरपारंबी, शेवटचं वाक्य वाचून थांबले क्षणभर.

केमिस्ट्री. टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं थेंब थेंब सोडून प्रमाण काढणं, तेही स्क्रीनवर माउसने. बटण सोडलं की थेंब थांबतो, उत्तर सगळ्यांचं बरोबर. मुलं पुढे प्रयोगशाळेत आली तेव्हा कळलं काय राहिलं होतं. फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग अर्ध्या थेंबाने येतो. डाव्या हाताने ब्युरेटची (थेंब सोडणाऱ्या नळीची) चावी, उजव्याने फ्लास्क गोल फिरवत राहायचं. सगळ्यांचे फ्लास्क गडद गुलाबी, म्हणजे थेंब जास्त पडलेले! हाताला शिकवायचं ते हातानेच शिकवावं लागतं, माझं मत पक्कं झालंय.

आडवाट
मी शिक्षक नाही, तेव्हा विद्यार्थी होतो. लिहू का? घरात एक खोली, एक फोन, मी आणि बहीण दोघांचे तास. कॅमेरा लावला तर मागे आजारी आजोबा दिसायचे. एक सर रोज म्हणायचे, "कॅमेरा बंद म्हणजे तुम्ही झोपलेले." मी कानात एक इअरफोन घालून दरवाज्यात उभा असायचो. झोपलो नव्हतो, एवढंच सांगायचं होतं.

शाईपेन
आडवाट, बरं केलंत लिहिलंत. पहिल्या महिन्यात मीही कॅमेऱ्याचा आग्रह धरला होता. एका मुलीने असंच काही सांगितल्यावर सोडून दिला. त्याऐवजी प्रश्न टाकायचे आणि म्हणायचे, "उत्तर टाइप करा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका." मग एकदम साठ उत्तरं धबधब्यासारखी यायची. एकमेकांचं बघून लिहायला वावच नाही. आणि कुठे चुकतंय ते मला वर्गापेक्षा लवकर कळायचं.

तिसरीघंटा
मी दूरशिक्षणात आधीपासून आहे, म्हणून थोडं वेगळं. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं, १९७१ पासून शिकवतंय, सुरुवातीला टीव्ही, रेडिओ आणि टपालाने. दुरून शिकवणं नवं नाही. पण तसा अभ्यासक्रम बांधायला महिनोन्‌महिने जातात. २०२० मध्ये तुम्ही सगळ्यांनी केलं ते आणीबाणीतलं शिकवणं होतं. त्यावरून "ऑनलाइन वाईट" असा निकाल देऊ नये, आणि तुम्हा लोकांना कमीही लेखू नये. किती धडपड केलीत!

निळीछत्री
घशाचं कोणी लिहिलं नाही अजून? प्रतिसाद येत नाही म्हणून आपण नकळत आवाज चढवतो. दिवसाला चार तास, संध्याकाळी आवाज गुल. उभं राहून शिकवायला लागले, फरक पडला.

खडूफळा
निळीछत्री, हेडफोन एका कानावरून सरकवून बघा. स्वतःचा आवाज ऐकू आला की माणूस ओरडत नाही.

निळीछत्री
उद्याच करते! आमचे अजून आठवड्याला दोन तास ऑनलाइन आहेत.

पाचूबेट
शाईपेन, तो वर्गमूळवाला सापडला का नंतर?

शाईपेन
लेखी परीक्षेवर भरवसा नव्हता म्हणून मी प्रत्येकाची पाच मिनिटं तोंडी घेतली, फक्त आवाजावर. चौसष्ट जण म्हणजे पाच तास वीस मिनिटं, दोन दिवसांत. दुसऱ्या दिवशी एका मुलीला स्टँडर्ड डेव्हिएशन विचारलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, दोन वर्षांत तिचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाली, "मॅडम, ते परत सेंटिमीटरमध्ये आणायचं असतं ना, मीच विचारलं होतं."

सूरपारंबी
आले परत. काय सुंदर!
खडूफळा, ते फूटपट्टीचं नीट सांगा ना, फोन हलत नाही का? मला बोटं वरून दाखवायची आहेत.

खडूफळा
पट्टी लाकडी घ्या, प्लास्टिकची वाकते. आणि मागच्या टोकावर एक जाड पुस्तक ठेवा.