शब्दचर्चा: करसूट, करवजावट की करमाफी?

रामबाग, इंदूर: मंडळाच्या अंकासाठी एक लेख मराठीत उतरवतोय. सरकारी शाळांत पात्र शिक्षक यावेत आणि टिकावेत म्हणून करात काय काय देतात, हा विषय. मी सरसकट 'करसूट' लिहून मोकळा झालो. सौ.नी (बँकेत जन्म गेलाय) लाल पेन फिरवलं. म्हणे, तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द कसा? तुम्ही काय लिहाल?

सुदामानगर: वहिनींचं बरोबर आहे. अमेरिकेत शिक्षकाने पदरचे पैसे घालून वर्गासाठी सामान आणलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम उत्पन्नातून कमी धरतात. 2022 साली ही मर्यादा 300 डॉलर झाली, त्यापूर्वी 250 होती. ही 'वजावट'. म्हणजे 300 हातात येत नाहीत बरं का! 22 टक्क्यांच्या टप्प्यातल्या मास्तरांचे 66 वाचतात. कॅलिफोर्नियाने 2000 साली दिलं ते थेट करातून कमी होई: चार वर्षं नोकरी झाली की 250 डॉलर, वीस झाली की 1500. ही 'सूट'. आणि गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी आधी सुचवलं होतं, की शिक्षकांना राज्याचा आयकरच नको. ती 'माफी'.

लोकमान्यनगर: आपली पंचाईत अशी की इथे हिंदीत तिन्हींना 'छूट'! मीही घरात तेच म्हणते. 'माफी' म्हटलं की मला ग्वाल्हेरच्या सासरची देवळाची सारामाफ जमीन आठवते. 'सूट' तर जुना शेतसाऱ्यातला शब्द: पीक बुडालं, सारा सोडला तर सूट, पुढे ढकलला तर तहकुबी. म्हणून करातून कमी होतं त्याला सूट चपखल बसतो. फक्त 'आमिष' लिहू नका, ते गळाला लावतात. आणि 'शिक्षक राखणे' तर नकोच. राखतात ती गुरं.

सुदामानगर: आमच्या शेजारच्या अतिथी शिक्षकाला हे वाचून दाखवलं. म्हणाला, काका, माझ्या एवढ्याशा मानधनावर कर बसतच नाही, वजा कशातून करणार? आयकराच्या नव्या रचनेत 12 लाखांच्या उत्पन्नापर्यंत तसाही शून्यच.

रामबाग: हे लेखात घालतो. मथळ्याला 'सवलत', आत जिथे जे असेल ते. सौ. विचारतेय, पगाराच्या चिठ्ठीवरचा आपला 'वृत्तिकर' तसाच ठेवायचा, की पुण्याच्या वाचकांसाठी 'व्यवसाय कर' करायचा?