इंजिनिअरने पॅनेलमध्ये फेरूल घालत बसावं का?

भोसरीकर: काल एका फ्रेशरने इथे लिहिलं, "चार वर्षं शिकून पॅनेल शॉपमध्ये वायरच्या टोकांना फेरूलच (धातूच्या छोट्या नळ्या) घालायचे, तर त्यापेक्षा पीएलसीचा (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) कोर्स करून थेट प्रोग्रॅमिंगला लागावं." राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पहिले आठ महिने फेरूल, लग (वायर स्क्रूला जोडायचं टोक), ग्लँड (केबल आत शिरते तिथली पकड) हेच केलं. चिडचिड व्हायची. मग चाकणच्या पहिल्याच साइटवर स्क्रीनवर प्रेशर उणे दिसायला लागलं. सगळे लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम बघत बसले. मी मीटर सिरीजमध्ये लावला: ० मिलिअँप. सेन्सर ४ ते २० मिलिअँप करंटने रीडिंग पाठवतो; या ४-२० च्या लूपमध्ये प्रेशर नसलं तरी ४ यायलाच हवेत. ० म्हणजे लूपच तुटलाय. वायर ग्लँडपाशी तुटली होती.

फ्रेशर_तोच: सर, त्याला आठ आठवडे पुरेत. कॉट बेसिसचं भाडं आणि मेस दिल्यावर स्टायपेंडमधलं उरतं काय? "बेसिक शिक" म्हणत कंपनीला स्वस्तात वायरमन मिळतो, तेही लिहा.

वाळूज_मेंटेनन्स: कोर्सवाल्यांचं नकाच सांगू. परवा इंटरव्ह्यूत एकाला विचारलं, स्टॉपचं बटण एनसी (न दाबता जोडलेलं) का? म्हणे, "आमच्या किटवर एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) होतं."

फ्रेशर_तोच: मग काय चुकलं? लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) स्टॉपला एनओच कॉन्टॅक्ट टाकतात. टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सच्या पीएलसी सॉफ्टवेअरमध्ये) मी स्वतः टाकलाय.

वाळूज_मेंटेनन्स: अरे बाबा, बाहेर बटण एनसी असतं म्हणून! पीएलसीचं इनपुट कायम १ (करंट येतोय). वायर तुटली की ०, मशिन बंद. बाहेर एनओ लाव, वायर तुटलेली कळेल कधी? कुणीतरी जिवाच्या आकांताने बटण दाबेल आणि मशिन चालूच राहील तेव्हा. हे ६० हजार भरून शिकलास?

अंबडची_इन्स्ट्रू: फीवर कशाला घसरता? आणि इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडत नाहीत, सेफ्टी रिले (मशिन थांबवणारा वेगळा सुरक्षा रिले) लागतो, ते कोण सांगणार? करिअरचंच बोलायचं तर प्लँट दिवाळीत बंद, म्हणून कमिशनिंग (नवी सिस्टिम साइटवर चालू करून देणं) दिवाळीत. चार भाऊबिजा साइटवर गेल्या. तरी इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, "मॅडम, साइटवर जाल ना?" साइटवर लेडीज टॉयलेट आहे का, हे मी विचारलं की सगळे गप्प.

वाळूज_मेंटेनन्स: सेफ्टी रिलेचं मान्य. मी साध्या स्टॉपबद्दल बोलत होतो.

भोसरीकर: धागा फेरूलचा होता, मंडळी. बरं, आठ महिने जास्तच झाले. तीन ठेवा.

फ्रेशर_तोच: वा, पाच महिने वाचले! स्टॉपचं पटलं, उद्या मीटर घेतो. स्टायपेंडवर मात्र अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.