सामूहिक वनहक्काच्या जंगलात सागाची ताजी थुटं: नोंद कशी ठेवायची?

सागपान (गडचिरोली)
गस्तीत सागाची २३ ताजी थुटं (तोडलेल्या झाडांचे उरलेले बुंधे) सापडली. ११ ओंडके जागेवरच पडलेत, बाकीचा माल गेला. ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहे, वनहक्क नियमांतल्या नियम ४(१)(ई)ची, म्हणजे जंगल राखणारी समितीही आहे. केस टिकायची तर काय काय लिहून ठेवायचं? आणि ओंडके गावात आणून ठेवले तर चालेल का?

मोजपट्टी
ओंडके हलवू नका भाऊ. ते गावात आणले की थुट आणि ओंडका यांचा मेळ तुटतो. वर विनापरवाना वाहतुकीचा ठपका तुमच्यावरच येतो.

प्रत्येक थुटाला ऑइलपेंटने नंबर टाका, पण कापावर नको, बाजूला सालीवर. कापावरच्या करवतीच्या खुणा आणि वाढीची वलयं हाच पुरावा. वहीत कक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागाचा नंबर), जीपीएस, थुटाची उंची आणि कापाजवळचा घेर लिहा. भुसा ओला आहे का, तुटलेल्या फांद्यांची पानं हिरवी की सुकलेली, हेही लिहा. तोड कधीची ते त्यावरून कळतं. फोटोत टेप दिसली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा.

ओंडक्याचा हिशेब: मधला घेर भागिले ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. घेर १२० सेंमी, लांबी ३ मीटर असेल तर ०.३ × ०.३ × ३ = ०.२७ घनमीटर. (वर्तुळाच्या सूत्राने ०.३४ येतं. दोन आकडे मिसळले की उलटतपासणीत फजिती, म्हणून कोणतं सूत्र वापरलं ते लिहाच.)

रानवाट
त्याच दिवशी वनरक्षकाला लेखी कळवा, पोच घ्या. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवरही नोंदवा. पंचनामा, जप्ती आणि ओंडक्यांवर हातोड्याची खूण (खात्याचा ठसा) हे वनखात्याचं काम, पण पंच गावातलेच द्या. थुटाची चकती काढायची असेल तर ती पंचांसमोरच.

भारतीय वन अधिनियम १९२७चं कलम ६९ विसरू नका: वनोपज सरकारी नाही हे सिद्ध होईपर्यंत ते सरकारीच धरतात. म्हणजे "माझ्या शेतातला साग" म्हणणाऱ्यालाच कागद दाखवावे लागतात. आरा गिरणीत माल सापडला तर आधी वाहतूक परवाना आणि खूण जुळवा. एकाच परवान्यावर दोन-तीन खेपा मारणं ही नेहमीची चलाखी, तेव्हा तारीख आणि नग नीट पाहा.

सागपान
जप्त माल विकून ग्रामसभेला पैसे मिळतील का?

रानवाट
नाही. वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजात बांबू, तेंदू, मोहफूल येतं, इमारती लाकूड येत नाही. कलम ५ रक्षणाचा अधिकार देतं, लाकूडविक्रीचा नाही.

मोजपट्टी
थुटांची उंची किती आहे? चोर उभ्यानेच कापतो, त्यामुळे थुट बहुधा दोन-अडीच फुटांचं राहतं. त्याच्या माथ्यावरचे फुटवे वाऱ्याने मोडतात. जमिनीलगतचा फुटवा टिकतो. पंचनामा पूर्ण झाल्यावर वनरक्षकाशी बोलून थुट १५ सेंमीपर्यंत खाली, उतरता काप देऊन घ्यावं. पाणी साचत नाही. पुढे एक-दोन जोमदार फुटवे ठेवायचे. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी माजते आणि उन्हाळ्यात वणवा तिथून पसरतो, तेव्हा जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) आधी तिथे काढा.

पाणंद
गस्तीत बुंध्याला सालीचं कडं काढलेली (झाड उभ्यानेच वाळावं म्हणून भोवतीची साल सोललेली) उभी झाडंही मोजा. ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही, कडं काढून वाळवलेला तरंगतो. सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीतून माल पलीकडे तेलंगणात जातो, त्यामुळे नदीकाठच्या कक्षात कडं दिसलं की तीही नोंद त्याच अर्जात घाला. ते झाड अजून उभं आहे.