शिह त्झू जातीच्या कुत्र्याच्या केसांत पावसाळ्यात होणाऱ्या गाठी

प्रश्न (दादर): आमच्या शिह त्झूच्या कानांमागे आणि हार्नेसचा (फिरायला नेताना छातीभोवती बांधायच्या साजाचा) पट्टा घासतो त्या काखेत घट्ट गाठी होतात; रोज ब्रश फिरवूनही त्या का राहतात?

उत्तर १: ब्रश बहुधा वरवरच फिरत असावा. केसांचे भाग पाडून, मुळाशी बोटांनी धरून, टोकाकडून मुळाकडे विंचरत यावे आणि शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत न अडखळता जातो का, हे पाहावे. गाठी सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नये. पाण्याने त्या अधिकच आवळतात.

उत्तर २: मुंबईच्या दमट हवेत केस आतून ओलसर राहतात, म्हणून फिरवून आणल्यावर पंजे व पोट ड्रायरच्या कोमट हवेने वाळवावे. लांब केसांची हौस आपली असते, कुत्र्याची नव्हे. पावसाळ्यापुरते ते आखूड ठेवलेले बरे. कातडीलगतच्या गाठीला मात्र कात्री लावू नका, कारण कातडी तिच्यात ओढली गेलेली असते. ती गाठ ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून) मशीनने काढून घ्या.