मदत हवी आहे : मुलांचा भूगोल भिंतीवरून जमिनीवर कसा आणू? (नागपूर)

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. लेक सहावीत, धाकटा तिसरीत. राहायला मनीषनगर.

गेल्या रविवारी लेकीला सहज विचारलं, "उत्तर कुठे गं?" तिनं वहीतून मान वर केली आणि पंख्याकडे बोट दाखवलं. "नकाशात वरच असते ना उत्तर!" मी हसले, पण मग लक्षात आलं की चूक तिची नाही. भारताचा मोठा नकाशा आम्हीच हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावलाय आणि ती भिंत निघाली दक्षिणेची. म्हणजे पोरगी चार वर्षं दक्षिणेकडे तोंड करून काश्मीर बघतेय.

धाकट्याचं त्याहून भारी. त्याच्या मते सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, कारण पाणी वरून खाली येतं. मग नर्मदा आडवी कशी रे? तर म्हणे, "ती झोपलीय."

महाराष्ट्राचे 36 जिल्हे लेक एका दमात म्हणते. परीक्षेत नकाशा भरायला आला की पैकीच्या पैकी. पण भंडारा आपल्या घराच्या कोणत्या अंगाला आहे म्हटलं की गप्प. माझी अडचण ही आहे. पाठांतर झालंय, रंग भरून झालेत, पण कागदावरचं ते आणि खिडकीबाहेरचं हे एकच आहे हे डोक्यात बसत नाहीये.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. पृथ्वीगोल आणला, तो आता गरगर फिरवून बोट ठेवायचा आणि "मी इथे हनिमूनला जाणार" म्हणायचा खेळ झालाय. मे महिन्यात छिंदवाड्यावरून पचमढीला गेलो. मी हौसेनं बारा पानांची प्रश्नावली करून नेली होती. सावनेर यायच्या आत लेकीनं ती सीटखाली सरकवली. धाकट्याच्या मांडीवर अ‍ॅटलास होता, घाटात तो त्यात डोकं घालून बसला आणि भडाभडा ओकला. नेमका मध्य प्रदेशावर. ते पान अजून पुसट पिवळं आहे. बाकी सगळा रस्ता फोनमधल्या बाईनं "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" करत नेला, आपण कुठून कुठे गेलो हे मलाही धड सांगता येणार नाही.

तर आता दिवाळीत दोन-तीन दिवस मोकळे आहेत. गाडी छोटी आहे, सोबत सासूबाई आहेत आणि त्यांचे गुडघे. नागपूरहून कुठे गेलं तर भूगोल दिसेल? कोणत्या वयाला कोणता नकाशा द्यावा? शिवाय पुस्तकं मराठीतली हवीत. माहितीकोश नकोत, ते घरात ढीगभर आहेत आणि धूळ खातायत.

वैनगंगाकाठ

आधी तो नकाशा भिंतीवरून काढा आणि जमिनीवर पसरा. मग त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवा. होकायंत्र नसलं तरी चालेल. गच्चीवर काठी उभी करा, बाराच्या अलीकडे-पलीकडे दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. सावली सगळ्यात आखूड असेल तेव्हा ती उत्तरेकडे बोट दाखवते. हे दिवाळीत करा, जूनमध्ये नको. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि हीच सावली दक्षिणेला पडते. या काळाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेका दिवशी तर भर दुपारी काठीला सावलीच नसते. लेकीला ते पुढच्या मेमध्ये दाखवा, जन्मभर विसरणार नाही.

दुसरं, नद्या शिकवायच्या तर नळापासून सुरू करा. नागपूरला पाणी येतं ते मुख्यतः पेंचचं, नवेगाव खैरीच्या धरणातून, आणि कन्हानचं. भांडी घासलेलं पाणी जातं नाग नदीकडे. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. हे एकदा बोटानं नकाशावर चालवा. तुमच्या मोरीतून समुद्रापर्यंत.

आणि धाकट्याच्या झोपलेल्या नदीसाठी सरळ मुलताईला जा. सावनेर, पांढुर्णा, मुलताई. सवाशे किलोमीटरच्या आसपास, सासूबाईंनाही झेपेल, वर तीर्थक्षेत्र. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, मुलताई साधारण 750. तिथल्या तलावाला तापीचं उगमस्थान मानतात, गावाचं नावच मूळ तापीवरून पडलंय. ती तापी 724 किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेपाशी अरबी समुद्रात जाते. आणि आपली वर्धा? तीही त्याच मुलताई तालुक्यात उगम पावते, पण जाते पूर्वेच्या समुद्राला. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. तिथे उभं राहून पोराला विचारा, नकाशातलं वर-खाली आणि जमिनीतला चढ-उतार एकच का रे?

घाटात मात्र अ‍ॅटलास बंद. उंची फोनमध्ये दिसते, ती आजीला मोठ्यानं वाचून दाखवायची. मान वर राहते, उलटी होत नाही.

सावजी_रस्सा

ताई, इतकं टेन्शन काऊन घेऊन राह्यल्या? समृद्धी महामार्ग पकडा, मेहकरला उतरा, लोणार दाखवून संध्याकाळी परत. उल्का पडून झालेला खड्डा आहे, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद. पोट्टे खूश, तुम्ही खूश. बारा पानं घरी ठेवा फक्त.

वैनगंगाकाठ

लोणार उत्तमच, पण समृद्धीवरून भूगोल दिसत नाही भाऊ. गाव नाही, बाजार नाही, एक म्हैस आडवी येत नाही. पोरं झोपतात. लोणारला जरूर जा, पण एका बाजूनं तरी जुन्या रस्त्यानं.

सावजी_रस्सा

म्हैस पाहायला इतक्या दूर कशाला जाता बाप्पा, आमच्या गल्लीत या.

खडू_फळा

निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा थोडं लांबेल.

तिसरीच्या मुलाला भारताचा नकाशा देऊ नका. त्याला घर, शाळा, किराणा दुकान एवढाच नकाशा स्वतः काढू द्या, मग जिल्ह्याचा. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं. शाळा कोणत्याही बोर्डाची असो, नागपूर जिल्ह्याचं ते पुस्तक घ्या. स्वस्त आहे, मराठीत आहे आणि त्यात तुमचीच गावं आहेत. गाडीत त्याला मैलाच्या दगडांचं काम द्या. पिवळ्या टोपीचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता. रंग बदलला की ओरडायचं. एवढ्यानं दोन तास निघतात.

सहावीच्या मुलीला मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट द्या, म्हणजे चढ-उतार, ओढे, रस्ते दाखवणारा तपशीलवार नकाशा. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की पीडीएफ फुकट उतरवता येते. जुन्या क्रमांकपद्धतीत नागपूर शहर 55 ओ/4 या शीटवर आहे. प्रमाण 1:50,000, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. वळणाच्या रस्त्यावर ओला दोरा बसवायचा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजायचा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायला शहरातली सेमिनरी हिल्सची टेकडी पुरे. रेषा दाट तिथे दम लागतो, विरळ तिथे लागत नाही. हे पायांना कळतं, व्याख्या नंतर.

झिरो माइलला न्याच, पण "हा देशाचा मध्यबिंदू" असं ठोकून देऊ नका, त्यावर वाद आहेत. तो सर्वेक्षणाचा स्तंभ आहे हे सांगा. त्यावर वेगवेगळ्या गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत, ती 1.6 नं गुणून आजच्या रस्त्याच्या अंतराशी ताडून बघायला लावा.

आणि एक जागा, जी सहसा कोणी सांगत नाही. हिंगणघाट. 1802 मध्ये मद्रासजवळ ज्यानं भारताचा नकाशा काढण्यासाठी मोजणीचं प्रचंड काम सुरू केलं, तो विल्यम लॅम्टन 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. त्याच्यामागे हे काम त्याच्या मदतनिसाकडे गेलं. मदतनिसाचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. शिखराचं नाव पोरांना ठाऊक असतं, पण त्या नावाचा माणूस आपल्या वर्धा जिल्ह्यात गेलेल्या साहेबाच्या हाताखाली होता म्हटलं की डोळे मोठे होतात.

पिकं दाखवायची असतील तर दिवाळीसारखा मोसम नाही. काटोलकडे जा, काळी जमीन, फुटलेला कापूस, संत्र्याच्या बागा. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याकडे जा, कापणीला आलेला धान आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. दख्खनच्या काळ्या बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाची, पूर्वेकडची कड आपल्या नागपूरपाशीच संपते, शहराच्या पश्चिमेला तो खडक आहे आणि पूर्वेला वेगळा. ताटात भाकरी की भात, हे त्या खडकापर्यंत जाऊन पोचतं.

मेघश्याम_निळा

पुस्तकांबद्दल. भूगोलाची पुस्तकं शोधूच नका. ज्या गोष्टीत कोणी प्रवास करतं ती वाचा आणि शेजारी अ‍ॅटलास उघडा ठेवा.

नागपूरकरांना तर घरचंच आहे, मेघदूत. संस्कृत नको, मराठीत भावानुवाद पुष्कळ आहेत, सोपा बघून घ्या. शृंगार तुम्ही आपला गाळून सांगा, भूगोल शिल्लक राहतो. यक्ष रामगिरीवर अडकलाय. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं. तो ढगाला रस्ता सांगतो. वाटेत रेवा म्हणजे नर्मदा लागेल, मग विदिशा आणि वेत्रवती म्हणजे बेतवा. पुढे म्हणतो, वाट वाकडी होईल, पण उज्जयिनी चुकवू नकोस. मग चंबळ, कुरुक्षेत्र, हरिद्वारजवळचं कनखल आणि कैलास. लेकीला पेन्सिलनं ढगाचा रस्ता काढू द्या. ती उज्जैनपाशी आली की म्हणेल, अगं आई, हा तर पश्चिमेला वळला! यक्षानंही तेच कबूल केलंय. मग रामटेकच्या टेकडीवर चढून ढग कुठल्या दिशेला निघाला असेल ते बघा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गाडी बरीच वर जाते.

संत्राबर्फी

सगळ्यांचे आभार. परवा मुलताईहून आलो, म्हणून उत्तराला उशीर.

प्रश्नावली नेली नाही. धाकट्यानं दर दहा किलोमीटरला आजीला उंची वाचून दाखवली आणि आजीनं ती काजूकतलीच्या रिकाम्या खोक्यावर लिहून घेतली. पांढुर्णा सोडल्यावर आकडे भराभर चढले तेव्हा दोघंही इतके ओरडले की यांनी गाडी बाजूला घेतली. घरी येऊन लेकीनं त्या आकड्यांचा आलेख काढला, तोही खोक्यावरच. मुलताईला तलावावर गर्दी होती, चिखलही होता, उगम म्हणावं तसं काही दिसलं नाही आणि धाकटा जरा हिरमुसला. पण परत येताना पांढुर्ण्याच्या अलीकडे एका पुलावर त्यानं पाणी कुठे चाललंय ते बराच वेळ निरखलं आणि खाली उतरून पान टाकून खात्री केली. नर्मदेबद्दल अजून काही बोललेला नाही.

लेकीचा प्रश्न उरलाय. दोन समुद्रांचं पाणी वेगळं होतं ती नेमकी रेषा कुठून जाते? त्यासाठी आम्ही मुलताईची टोपोशीट उतरवली. पण कोपऱ्यावरच्या प्रिंटवाल्यानं ती ए4 वर बसवून दिली, त्यामुळे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर काही येईना. लेकीनंच दोरा लावून ते पकडलं, मी तर ती चिकटवायला निघाले होते. आता नागपुरात मूळ आकारात, न आकसता, रंगीत छापून कुठे मिळेल? बर्डीवर की धरमपेठेत? घरांचे आराखडे छापतात ते लोक एखादीच प्रत देतात का?